झीरो ४५९३ : दोन्ही बाजूंनी उडालेलं एक विमान

दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक लढाऊ विमानांचा वेगळा इतिहास लिहिताच येत नाही. कारखान्यातून निघालं, चार-सहा महिने उडालं, मग समुद्रात गेलं किंवा जंगलात कोसळलं. दप्तरात एक ओळ, तीही सापडली तर. जपानी नौदलाचं मित्सुबिशी ए६एम२ (म्हणजेच 'झीरो'), मॉडेल २१, अनुक्रमांक ४५९३, शेपटीवर 'डीआय-१०८' हा क्रमांक असलेलं विमान याला अपवाद आहे. या एकाच यंत्राने दोन शत्रुराष्ट्रांची सेवा केली. एका बाजूने ते जेमतेम काही आठवडे लढलं, दुसऱ्या बाजूने दोन वर्षांहून जास्त काळ उडत राहिलं. इतिहासात ते 'अकुतानचा झीरो' म्हणून ओळखलं जातं.

त्याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: अलास्काच्या एका दुर्गम बेटावर अमेरिकेला हे विमान सापडलं, झीरोचं गुपित फुटलं, त्यावरून हेलकॅट हे नवं विमान बनलं आणि पॅसिफिकमधली हवाई लढाई फिरली. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा बराचसा खरा आहे, तिसरा खोटा आहे आणि चौथा एका विमानाच्या खांद्यावर टाकण्यासारखा नाही. म्हणून हे प्रकरण तारखा हातात धरून वाचलं पाहिजे. तसं वाचलं की या विमानाचं मोल कमी होत नाही, फक्त ते नेमकं कशात होतं हे कळतं.

घडण

विमानावरच्या पट्टीवर तारीख होती १९ फेब्रुवारी १९४२, कारखाना नागोयाचा. त्याच दिवशी जपानी विमानांनी ऑस्ट्रेलियाच्या डार्विन बंदरावर हल्ला केला होता आणि त्यात हजिमे तोयोशिमा या वैमानिकाचा झीरो मेलव्हिल बेटावर उतरून शत्रूच्या हाती लागला होता. म्हणजे ४५९३ तयार होत होतं त्या दिवशीच त्याचं एक भावंड पलीकडे गेलं होतं. त्या विमानाची मात्र मोडतोड झाली होती आणि ते उडवण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं.

नागोयाच्या कारखान्याजवळ धावपट्टी नव्हती. तयार विमानांचे भाग सुटे करून बैलगाड्यांवर लादत आणि कागामिगाहाराच्या तळापर्यंत नेत. आशियातलं त्या घडीचं सगळ्यात धास्ती घालणारं लढाऊ विमान बैलांच्या चालीने कारखान्याबाहेर पडायचं. ट्रकमध्ये खराब रस्त्याचे दणके बसून नाजूक सांगाडा वाकण्याची भीती होती.

हा नाजूकपणा मुद्दाम पत्करलेला होता. १९३७ मध्ये जपानी नौदलाने नव्या विमानासाठी ज्या अटी घातल्या त्या एकमेकींशी भांडणाऱ्या होत्या: लांब पल्ला हवा, वेग हवा, झपाट्याने चढणं हवं, वळताना चपळाई हवी, २० मिलिमीटरच्या तोफा हव्यात. हाताशी असलेलं इंजिन मात्र हजार अश्वशक्तीच्या आतलं. मुख्य आराखडाकार जिरो होरिकोशी यांनी उत्तर काढलं ते वजनातून. नव्या, जास्त ताकदीच्या ड्युरालुमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे वापरले आणि जिथे ग्रॅमभर वाचेल तिथे वाचवला. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा ठेवला नाही, गोळी लागल्यावर आपोआप भोक बुजवणाऱ्या इंधनटाक्या घातल्या नाहीत. मॉडेल २१ चं साकाए इंजिन ९४० अश्वशक्तीचं होतं. पंखांत २० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, पण प्रत्येकीला गोळे फक्त ६०. नाकावर ७.७ मिलिमीटरच्या दोन मशीनगन होत्या. पोटाखाली जादा टाकी लावली की पल्ला ३,००० किलोमीटरच्या वर जायचा. त्या काळच्या एका इंजिनाच्या लढाऊ विमानासाठी हा आकडा विश्वास बसू नये असा होता.

आणि तसा तो बसलाही नाही. १३ सप्टेंबर १९४० रोजी चुंगकिंगच्या आभाळात झीरोंनी चिनी लढाऊ विमानांच्या मोठ्या तुकडीचा धुव्वा उडवला आणि स्वतःचं एकही विमान गमावलं नाही. चिनी हवाई दलाचे अमेरिकी सल्लागार क्लेअर शेनॉल्ट यांनी या विमानाबद्दल अमेरिकेला कळवलं होतं. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पर्ल हार्बरनंतर सहा महिने अमेरिकी वैमानिक ज्या विमानाशी लढत होते त्याच्याबद्दल त्यांच्याकडे अफवा भरपूर होत्या, मोजमापं जवळजवळ नव्हती.

४ जून १९४२

४५९३ हे 'र्‍युजो' या हलक्या विमानवाहू नौकेवर दाखल झालं. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेला जोडून जपानने उत्तरेकडे अल्युशियन बेटांवर दुसरी आघाडी उघडली होती. रिअर ॲडमिरल काकुजी काकुता यांच्या ताफ्यात 'र्‍युजो' आणि 'जुन्यो' या दोन विमानवाहू नौका होत्या. ३ आणि ४ जूनला त्यांच्या विमानांनी उनालास्का बेटावरच्या डच हार्बर या अमेरिकी तळावर हल्ले केले.

४ तारखेच्या हल्ल्यात तीन झीरोंचं एक पथक होतं: माकोतो एन्दो, त्सुगुओ शिकादा आणि १९ वर्षांचा तादायोशी कोगा. कोगाच्या हाताखाली होतं ४५९३. या तिघांनी आधी अल्बर्ट 'बड' मिचेल या अमेरिकी अधिकाऱ्याचं कॅटालिना जातीचं टेहळणी विमान पाडलं आणि पाण्यात उतरून जीव वाचवू पाहणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या. कोगाच्या कोवळ्या वयाबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या लिखाणात हा प्रसंग बऱ्याचदा गाळला जातो. तो गाळू नये. ४५९३ च्या लढाऊ कारकिर्दीतली सगळ्यात स्पष्ट नोंद हीच आहे.

त्यानंतर तळावर खाली येऊन मारा करताना कोगाच्या विमानाला जमिनीवरून झाडलेल्या गोळ्या लागल्या आणि इंजिनाकडून तेल परत नेणारी नळी तुटली. विमान तेलाचा धूर सोडू लागलं. तेल संपलं की इंजिन काही मिनिटांत जाम होतं, त्यामुळे 'र्‍युजो'पर्यंत परतणं शक्य नव्हतं. अशा वेळेसाठी जागा आधीच ठरवून ठेवली होती: डच हार्बरपासून पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवरचं अकुतान बेट. तिथे उतरलेल्या वैमानिकांना उचलायला किनाऱ्याजवळ एक जपानी पाणबुडीही थांबली होती. योजना म्हणून हे सगळं नीट होतं.

किनाऱ्यापासून थोडं आत हिरवं, सपाट, गवताळ मैदान दिसत होतं. कोगाने चाकं खाली सोडली. वर घिरट्या घालणाऱ्या शिकादाला गवतातून पाणी चमकताना दिसलं आणि ही दलदल आहे हे त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता. चाकं चिखलात रुतली, विमान क्षणात पुढे उलटं झालं आणि पाठीवर पडलं. कोगाची मान मोडली असावी. तो बहुधा जागीच गेला.

चाकं वर ठेवून पोटावर उतरला असता तर कोगा कदाचित वाचला असता. अनोळखी, मऊ जमिनीवर पोटावर उतरणं हाच वैमानिकांचा रूढ रिवाज. पण त्याला ती जमीन मऊ वाटली नाही, आणि चाकांवर नीट उतरलं तर विमानही धड राहतं. त्याचा निर्णय डोळ्यांना दिसलं त्याच्याशी सुसंगत होता. डोळ्यांना दिसलं तेच चुकीचं होतं.

दुसरा निर्णय वर असलेल्या दोघांचा. शत्रूच्या मुलखात उतरलेला झीरो नष्ट करायचा, असा स्पष्ट हुकूम होता. एन्दो आणि शिकादा यांच्याकडे मारा करण्याची साधनं होती. पण उलट्या विमानात कोगा जिवंत आहे की नाही हे वरून कळत नव्हतं. आपल्याच साथीदारावर गोळ्या झाडणं त्यांच्याने झालं नाही. ते नौकेकडे परतले. पाणबुडीने नंतर शोध घेतला, पण तिला तो सापडला नाही आणि 'विल्यमसन' या अमेरिकी विनाशिकेने तिला हुसकावून लावलं.

या दोघांना दोष देणारे बरेच आहेत. मला तो दोष पटत नाही. ज्या हुकुमाची अंमलबजावणी मित्राने मित्राला मारण्यावर अवलंबून आहे, तो हुकूम कागदावर कितीही कडक असला तरी आतून कच्चाच असतो. काम खरं तर पाणबुडीवरच्या माणसांकडे द्यायला हवं होतं: जमिनीवर उतरा, माणूस पाहा, मग विमान जाळा. त्या पाणबुडीला वैमानिक शोधता आला नाही, तिथे साखळी तुटली. शिवाय दुर्गम बेटावर, धुक्याच्या प्रदेशात, उलटं पडलेलं एक विमान कोण शोधणार, हा अंदाजही वावगा नव्हता. पाच आठवडे तो खराच ठरला.

पाच आठवड्यांनंतर

१० जुलै १९४२. लेफ्टनंट विल्यम थीस यांचं कॅटालिना रात्रभराच्या गस्तीवरून परतत होतं आणि ढगाळ हवेत वाट चुकलं होतं. शुमागिन बेटं दिसल्यावर थीस यांना आपण कुठे आहोत याचा अंदाज आला आणि त्यांनी डच हार्बरकडे सरळ रोख धरला. नेहमीच्या मार्गाने गेले असते तर अकुतानवरून गेलेच नसते. बेटावरून जाताना विमानातल्या अल्बर्ट नॅक या यांत्रिकाला खाली काहीतरी दिसलं. घिरट्या घालून त्यांनी जागा नकाशावर टिपली, तळावर परतले आणि थीस यांनी वरिष्ठांना पटवून दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन तिथे जाण्याची परवानगी मिळवली.

११ जुलैला पोहोचलेल्या तुकडीला गुडघाभर चिखलात उलटं पडलेलं, पण जवळजवळ धड विमान मिळालं. कोगाचा देह कॉकपिटमध्ये पट्ट्यांनी बांधलेलाच होता. छायाचित्रं घेतली गेली, देह जवळ पुरला गेला. नंतर आलेल्या तुकडीने तो पुन्हा रीतसर पुरला. विमान मात्र दलदल सोडेना. ना तिथे रस्ता, ना ओढायला घट्ट जमीन. शेवटी तिसरी तुकडी अवजड सामान आणि बुलडोझर घेऊन आली, तेव्हा विमान किनाऱ्यापर्यंत ओढून तराफ्यावर चढलं. तेही उलट्याच स्थितीत. डच हार्बरला आणून क्रेनने सुलटं केलं, धुतलं, बांधलं. 'सेंट मिहिएल' जहाजाने ते १ ऑगस्टला सिॲटलला पोहोचलं आणि तिथून सॅन दिएगोजवळच्या नॉर्थ आयलंड नौदल तळावर गेलं.

ज्या चिखलाने वैमानिकाचा जीव घेतला त्यानेच विमानाचा सांगाडा वाचवला. कठीण जमिनीवर एवढा हलका सांगाडा उलटला असता तर उरलं नसतं. इथे बिघाड झाला तो शेपटीचं उभं पातं, सुकाणू, पंखांची टोकं, फ्लॅप, कॉकपिटचं छत आणि चाकांचे दांडे यांचा. इंजिन दुरुस्त होण्यासारखं होतं. सुमितोमोच्या तीन पात्यांच्या प्रॉपेलरची वाकलेली पाती सरळ करून, घासून तोच पुन्हा बसवला.

दुरुस्ती करणाऱ्यांनी काय केलं नाही, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. त्यांनी विमान सुधारलं नाही. अमेरिकी सुटे भाग बसवून ते जास्त चांगलं उडवता आलं असतं, पण मग मोजमापं कुणाची झाली असती? जे होतं ते होतं तसं उभं करायचं, हा कटाक्ष ठेवला म्हणूनच पुढच्या आकड्यांना किंमत आली. फक्त पंखांवरचा लाल सूर्य गेला आणि त्याजागी निळ्या वर्तुळातला पांढरा तारा आला. विमानावर रात्रंदिवस पहारा होता.

चोवीस उड्डाणं

२० सप्टेंबर १९४२ रोजी लेफ्टनंट कमांडर एडी सँडर्स यांनी ४५९३ पुन्हा आकाशात नेलं. दलदलीतून बाहेर पडल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. १५ ऑक्टोबरपर्यंत सँडर्स यांनी त्यावर २४ उड्डाणं केली. नौदल स्वतःच्या नव्या विमानाला लावतं त्याच चाचण्या या पकडलेल्या विमानाला लावल्या गेल्या. सँडर्स यांनी नंतर लिहून ठेवलं की पहिल्याच उड्डाणात दोन दुबळ्या जागा उघड झाल्या.

पहिली जागा एलेरॉनची. विमानाला डावी-उजवीकडे कुशीवर वळवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेवरच्या या हलत्या पट्ट्या. झीरोच्या पंखांवरचे एलेरॉन मोठे होते. कमी वेगाला त्यांचा फायदा असा की विमान बोटाच्या इशाऱ्यावर कुस बदलायचं. वळणांच्या लढाईत त्याला कुणी हात धरू शकत नव्हतं ते याच्या आणि हलक्या वजनाच्या जोरावर. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की तीच पट्टी तेवढीच हलवायला चौपट जोर लागतो, आणि तो जोर वैमानिकाच्या दंडातून यायचा. २०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७० किलोमीटरच्या वर हे एलेरॉन जणू गोठायचे. कुस बदलायला वेळ लागायचा आणि वैमानिकाच्या हातातल्या नियंत्रण-दांड्यावर भलताच जोर द्यावा लागायचा. त्यातही डावीकडे वळणं सोपं, उजवीकडे कठीण.

होरिकोशी यांना वेगाबरोबर वाढणाऱ्या जोराचा प्रश्न माहीत नव्हता असं नाही. नाक वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरसाठी त्यांनी मुद्दाम थोड्या लवचीक तारा वापरल्या होत्या, म्हणजे वेग वाढला की तारा ताणल्या जातील आणि दांडा सगळ्या वेगांना सारखाच हलका वाटेल. फार सुरेख कल्पना. पण एलेरॉनचा प्रश्न तसा सुटलेला नव्हता.

दुसरी जागा कार्बोरेटरची. झीरोच्या इंजिनाला इंधन मिळायचं ते तरंगत्या फ्लोटच्या कार्बोरेटरमधून. घराच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा जसा पातळी राखतो, तीच युक्ती. विमान सरळ उडत असेल किंवा दांडा मागे खेचून वळत असेल तोवर हे ठीक चालतं. पण दांडा झटक्यात पुढे ढकलून नाक खाली केलं की आतलं सगळं वजन उणे होतं, इंधन वर उसळतं आणि इंजिन गचके खाऊन बंद पडतं. अमेरिकी लढाऊ विमानांत दाबाने इंधन सोडणारे कार्बोरेटर आलेले होते, त्यांना हा त्रास नव्हता. १९४० मध्ये ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेनच्या वैमानिकांना नेमक्या याच दुखण्याने छळलं होतं; बिअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी एक छोटी चकती बसवून त्यावर उतारा काढला होता.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. झीरो शेपटीला लागला आहे. दांडा जोरात पुढे ढकलून सरळ खाली सूर मारा; पाठलाग करायला त्यालाही तसंच करावं लागेल आणि त्याचं इंजिन क्षणभर दगा देईल, तेवढ्यात अंतर पडेल. वेग २०० नॉटच्या वर गेला की विमान झटक्याने उजवीकडे कुशीवर टाका. त्याला उजवीकडे वळणं सगळ्यात जड, तेही नेमकं या वेगाला. त्याच्या तोफांच्या रेषेत तुम्ही येण्याआधी निसटलेले असाल. आधी वैमानिकांना 'झीरोशी वळणांत लढू नका' एवढंच सांगितलं जायचं. आता काय करायचं, कुठल्या वेगाला, कुठल्या बाजूला, हे सांगता येऊ लागलं.

सॅन दिएगोला ४५९३ ची अमेरिकी लढाऊ विमानांशी समोरासमोर तुलनाही झाली: लायटनिंग, एअराकोब्रा, मस्टँग, वाइल्डकॅट, कोर्सेअर. १९४२ च्या अखेरीस निघालेल्या गुप्त अहवालांमधला मोकळेपणा वाखाणण्यासारखा आहे. त्या वेळी नौदलाचा सगळा भार ज्या वाइल्डकॅटवर होता त्याच्याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं की हजार फुटांच्या वर वेग आणि चढाई या दोन्हींत झीरो सरस आहे, पल्ला आणि कमाल उंचीतही सरस आहे, आणि वळणाच्या घेराची तर तुलनाच नको. सूर मारण्यात दोन्ही बरोबरीची, फक्त नाक खाली ढकलताना झीरोचं इंजिन बंद पडतं. नव्या कोर्सेअरपुढे मात्र सपाट वेगात आणि सुरात झीरो कुठल्याच उंचीवर टिकत नव्हता. शत्रूच्या यंत्राला कमी लेखून आपल्या पोरांचं धैर्य वाढवण्याचा मोह इथे टाळला गेला. वैमानिकांसाठीचं सार तीन 'कधीच नाही'मध्ये आलं: झीरोशी घिरट्यांची झुंज कधीच घेऊ नका, त्याच्या थेट मागे नसाल तर ताशी ३०० मैलांखालच्या वेगाला त्याच्याशी डावपेच कधीच करू नका, आणि कमी वेगात तो वर चढू लागला तर मागे कधीच जाऊ नका.

ही युक्ती प्रत्यक्षात वापरल्याची ठोस साक्ष आहे. सॉलोमन बेटांच्या लढाईत कोर्सेअर उडवणारे आणि पुढे 'मेडल ऑफ ऑनर' मिळवणारे मरीन वैमानिक केनेथ वॉल्श यांनी सांगितलं आहे की झीरो मागे लागलेला असताना त्यांनी नाक खाली टाकलं, वेग किमान २४० नॉट होऊ दिला आणि शिकवल्याप्रमाणे उजवीकडे जोरात कुस बदलली. झीरोला मागे येता आलं नाही.

हेलकॅटची दंतकथा

'अकुतानच्या झीरोवरून हेलकॅट बनलं' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलं आहे की ते खोडणं हेच एक काम होऊन बसतं. तारखा पाहा. ग्रमन कंपनीशी हेलकॅटच्या नमुना विमानांचा करार झाला जून १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्याही आधी. पहिला नमुना उडाला २६ जून १९४२ रोजी. त्या दिवशी ४५९३ अकुतानच्या दलदलीत पाय वर करून पडलेलं होतं आणि ते तिथे आहे हे एकाही अमेरिकनाला ठाऊक नव्हतं. ज्या शक्तिशाली इंजिनाने हेलकॅटला हेलकॅट बनवलं ते बसवलेला नमुना ३० जुलैला उडाला. तेव्हा आपला झीरो सिॲटलच्या वाटेवर जहाजात होता. हेलकॅट झीरोला उत्तर म्हणूनच घडलं, यात वाद नाही. पण ते उत्तर लढून आलेल्या वैमानिकांच्या सांगण्यावरून आणि मोठ्या इंजिनाच्या हिशेबातून आलं.

डावपेचांचंही तसंच. दोन वाइल्डकॅटनी एकमेकांना छेदत उडून एकमेकांची शेपटी राखायची, ही अमेरिकी नौदलाचे वैमानिक जिमी थॅच यांची युक्ती. १९४१ मध्ये झीरोबद्दलचा गुप्तवार्ता अहवाल वाचून त्यांनी ती घरच्या टेबलावर काड्या मांडून बसवली होती. प्रत्यक्ष लढाईत ती पहिल्यांदा उतरली मिडवेला, ४ जून १९४२ रोजी. कोगा अकुतानवर उलटला तोच हा दिवस. पुढे ऑगस्टपासून सॉलोमन बेटांतल्या ग्वादालकॅनालवर वाइल्डकॅट महिनोन्‌महिने झीरोंना तोंड देत राहिली, आणि चाचण्यांचे अहवाल हाती येण्याआधीच तग धरून होती. तिथे झीरोंना रबाउलच्या जपानी तळाहून सुमारे हजार किलोमीटर उडत येऊन लढावं लागायचं आणि तेवढंच परत जावं लागायचं. वाटेतल्या बेटांवर लपलेले मित्रराष्ट्रांचे टेहळे अमेरिकनांना आधीच खबर द्यायचे. आणि मेलेल्या मुरब्बी जपानी वैमानिकांची जागा घेणारे तितके तयार नसायचे. ही कारणं एखाद्या कार्बोरेटरपेक्षा खूप मोठी होती.

मग जपानी बाजूच्या मासाताके ओकुमिया यांनी असं का म्हणावं की या एका विमानाचं शत्रूच्या हाती जाणं मिडवेच्या पराभवाइतकंच गंभीर होतं? ते स्वतः त्या उत्तरेकडच्या मोहिमेत काकुतांच्या हाताखाली होते. मला वाटतं, त्या विधानात हरलेल्या माणसाची एक समजण्यासारखी गरज आहे: मोठ्या, पसरट कारणांऐवजी बोट ठेवता येईल असा एक क्षण हवा असतो. मिडवेला जपानने चार मोठ्या विमानवाहू नौका गमावल्या. एक झीरो आणि चार नौका एका पारड्यात बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट या चर्चेत सुटते. जास्त वेगाला एलेरॉन जड होतात हे जपान्यांना माहीत होतं आणि ते त्यावर काम करत होते. ४५९३ दलदलीत होतं त्या सुमारास मॉडेल ३२ बाहेर पडत होतं. त्याच्या पंखांची टोकं प्रत्येकी अर्धा मीटर छाटून पंखविस्तार १२ वरून ११ मीटरवर आणला होता आणि जास्त वेगाला कुस बदलणं सुधारलं होतं. म्हणजे सॅन दिएगोचे आकडे मॉडेल २१ चे होते, प्रत्येक झीरोचे नव्हते.

एवढं सगळं वजा करूनही उरतं ते थोडं नाही. झीरोबद्दल आधीही माहिती होती, पर्ल हार्बरला पडलेल्या झीरोंचे अवशेषही तपासले गेले होते, चीनमध्ये हाती लागलेला आणखी एक झीरो जुळवला जात होता. पण अवशेषांवरून पत्र्याची जाडी कळते. दोनशे नॉटला दांडा किती जड होतो हे कळत नाही. त्यासाठी विमान उडावं लागतं, आणि शत्रूच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत न बसता त्याच्या खुर्चीत बसून ते उडवावं लागतं. १९४२ च्या शरद ऋतूत अमेरिकेकडे हे करता येईल असं एकच यंत्र होतं. ज्याच्या शेपटीला झीरो लागला आहे अशा तरुणाला 'उजवीकडे वळ' एवढं सांगता येणं हा या विमानाचा खरा वाटा, आणि त्या तरुणाच्या दृष्टीने तो पुरेसा मोठा होता.

उरलेली नोकरी

सँडर्स यांच्या चाचण्यांनंतर ४५९३ वॉशिंग्टनजवळच्या ॲनाकोस्टिया तळावर गेलं. तिथे फ्रेडरिक ट्रॅपनेल यांच्यासारख्या नौदलाच्या निष्णात चाचणी वैमानिकांनी ते उडवलं. १९४४ पर्यंत ते पुन्हा नॉर्थ आयलंडला परतलं होतं. आता काम वेगळं होतं: पॅसिफिकला निघालेल्या वैमानिकांना खराखुरा झीरो हवेत कसा दिसतो, कसा वळतो, हे दाखवायचं.

तोवर त्याचं एकमेवपणही संपलं होतं. जून १९४४ मध्ये सायपान बेटावरचा अस्लितो तळ अमेरिकेने जिंकला तेव्हा नव्या मॉडेलचे अनेक झीरो एकगठ्ठा हाती लागले आणि 'कोपाही' या विमानवाहू नौकेवरून अमेरिकेला रवाना झाले. मॉडेल २१ जुनं झालं होतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये कमांडर रिचर्ड क्रॉमेलिन प्रशिक्षणाच्या उड्डाणासाठी ४५९३ धावपट्टीकडे चालवत नेत असताना मागून येणारं हेलडायव्हर जातीचं एक बॉम्बफेकी विमान त्याच्यावर चढलं. हेलडायव्हरच्या प्रॉपेलरने झीरोचे शेपटीपासून कॉकपिटपर्यंत तुकडे केले. क्रॉमेलिन वाचले. विमान दुरुस्तीपलीकडे गेलं होतं. अवशेषांतून विल्यम लिओनार्ड या नौदल वैमानिकाने काही मापनयंत्रं काढून घेतली. ती पुढे वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमधल्या नौदल संग्रहालयात गेली. सायपानहून आलेल्या झीरोंपैकी ६१-१२० क्रमांकाचं विमान कॅलिफोर्नियात चिनो इथल्या संग्रहालयाकडे आहे आणि ते मूळ साकाए इंजिनावर उडतं.